मॅना, क्रोध आणि एका अंगठीची किंमत

ॲक्शन रोल-प्लेइंग प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन राक्षसांच्या झुंडींशी लढतो आणि मेलेल्या राक्षसांकडून पडलेली शस्त्रे, चिलखते व दागिने अंगावर चढवून ते पात्र उत्तरोत्तर बलवान करीत नेतो. या खेळांत एक कोडे नेहमी समोर येते. अंगठी तीच, तिच्यावरचे आकडे तेच, तिचा दुर्मीळपणाही तोच. तरीसुद्धा एक खेळाडू ती जपून पेटीत ठेवतो आणि दुसरा ती मिळेल त्या भावाने दुकानदाराला विकून मोकळा होतो. दोघांपैकी चुकत कोणीच नसतो.

ब्लिझार्ड कंपनीच्या २००० साली आलेल्या ‘डायब्लो २’ या खेळात याचे अगदी स्वच्छ उदाहरण सापडते. त्यात काही अंगठ्यांवर ‘केलेल्या प्रहाराच्या अमुक टक्के मॅना शोषून घेतला जाईल’ असा गुण असतो. मॅना म्हणजे विद्या व विशेष डावपेच वापरण्यासाठी खर्च होणारी शक्ती, जी पडद्याच्या एका कोपऱ्यात निळ्या गोळ्याच्या रूपाने दिसते. कुऱ्हाडीने घाव घालणाऱ्या बार्बेरियनला अशा अंगठीतला तीन-चार टक्क्यांचा गुणही पुरतो, कारण त्याचा प्रत्येक घाव निळा गोळा थोडा थोडा भरत राहतो. सॉर्सरेस ही जादूगारीण मात्र मंत्राने वीज किंवा बर्फ फेकते, मंत्राच्या माऱ्यातून मॅना शोषला जात नाही, आणि म्हणून तीच अंगठी तिच्या बोटात निव्वळ शोभेची ठरते.

साठा आणि वस्तू यांचे नाते

मॅना, क्रोध, दम, ऊर्जा अशी नावे वेगवेगळी असली तरी या सगळ्यांना मिळून ‘शक्तिसाठा’ म्हणता येईल. पात्र दर क्षणी किती आणि कोणत्या कृती करू शकते यावर मर्यादा घालणारी मोजता येण्याजोगी शिल्लक, एवढाच त्याचा अर्थ आहे. साठा किती मोठा आहे, तो कशाने भरतो, कशावर खर्च होतो आणि पात्र नुसते उभे असताना त्याचे काय होते, या चार गोष्टींवरून त्याचा स्वभाव ठरतो. खेळ रचणाऱ्याने या चार गोष्टी एकदा ठरवल्या की, कोणत्या वस्तूला मोल येणार आणि कोणती पडून राहणार याचा बराचसा निकाल तिथेच लागतो. तलवारीचे चित्र आणि तिचे नाव त्यानंतर येते.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैनसारख्या गावाच्या शिवारात हा संबंध वेगळा समजावून सांगण्याची गरज पडत नाही. तिथे खरिपाचे सोयाबीन आणि तूर मुख्यतः पावसाच्या भरवशावर निघतात, रब्बीच्या हरभऱ्याला आणि गव्हाला मात्र विहिरीचे पाणी लागते. ज्या विहिरीचे झरे मंद आहेत आणि जी मोटर सुरू करताच तासाभरात तळ दाखवते, तिच्यावर तीनऐवजी साडेसात अश्वशक्तीची मोटर बसवून पाणी वाढत नाही, विहीर तेवढी लवकर उपसते. तिथे पैसा घालायचा तो तुषार संचावर, कारण तो तेवढ्याच पाण्यात जास्त रान भिजवतो, किंवा मग विहीर खोल करण्यावर आणि आडवे बोअर मारून झरे मोकळे करण्यावर. उलट झरे जिवंत आहेत पण वीज मोजकेच तास मिळते अशा ठिकाणी तीच मोठी मोटर सोन्याची ठरते. निव्वळ कोरडवाहू रानाच्या धन्याला तर दोन्ही मोटरी सारख्याच निरुपयोगी असून त्याला सरी पाडून ओल धरणारे पेरणीयंत्र हवे असते. मोटर चांगली की वाईट हा प्रश्न पाण्याची स्थिती कळल्याशिवाय सोडवताच येत नाही.

विहिरीची खोली म्हणजे साठ्याची कमाल मर्यादा, झरे म्हणजे साठा आपोआप भरण्याचा वेग, तुषार संच म्हणजे खर्चातील बचत आणि मोटर म्हणजे साठा झपाट्याने वापरणारा प्रभावी डाव, असे मानले की पुढचे गणित सोपे होते.

थोडे आकडे

समजा, एका जादूगाराकडे १०० मॅना आहे, एका मंत्राला १० मॅना लागतो, तो सेकंदाला दोन मंत्र टाकतो आणि साठा सेकंदाला २ या वेगाने भरतो. म्हणजे दर सेकंदाला २० जातात, २ येतात, आणि साधारण साडेपाच सेकंदांत साठा रिकामा होतो. आता त्याच्यापुढे तीन अंगठ्या आहेत. पहिली कमाल मॅना २०ने वाढवते, दुसरी मंत्राचा खर्च २० टक्क्यांनी घटवते आणि तिसरी भरण्याचा वेग २वरून ४वर नेते.

सतत मारा किती वेळ चालतो एवढेच पाहिले तर पहिलीने सुमारे ६.७ सेकंद, दुसरीने ७.१ सेकंद आणि तिसरीने जेमतेम ६.२५ सेकंद मिळतात. म्हणजे झटपट संपणाऱ्या चकमकीत तिसरी अंगठी सर्वांत कमकुवत ठरते. पण एखाद्या मोठ्या राक्षसाशी झुंज मिनिटभर चालणार असेल, तर एकूण किती मंत्र टाकता येतील हे मोजावे लागते. अंगठी नसताना ते २२ होतात, पहिलीने २४, दुसरीने २७, आणि तिसरीने तब्बल ३४. जी अंगठी छोट्या चकमकीत तळाला होती तीच लांबलेल्या लढाईत सर्वांच्या पुढे जाते. म्हणून वस्तू रचणाऱ्याला नुसता साठा पाहून भागत नाही, आपल्या खेळातली लढाई सर्वसाधारणपणे किती वेळ चालते हेही ठरवावे लागते, आणि खेळाडू बलवान होत जातो तसतशा चकमकी आखूड होत असल्याने खेळाच्या सुरुवातीला मोलाची असलेली अंगठी शेवटी शेवटी निकामी होते, तीही तिच्यावरचा एकही आकडा न बदलता.

यातच आणखी एक बाब दडलेली आहे. भरण्याचा वेग वाढत वाढत खर्चाच्या बरोबरीला आला की साठा कधी रिकामाच होत नाही, आणि त्या क्षणापासून कमाल मॅना वाढवणाऱ्या वस्तू, खर्च घटवणाऱ्या वस्तू आणि मॅनाच्या कुप्या या सगळ्यांची किंमत एकदम शून्यावर येते. हा उंबरठा ओलांडण्याच्या अलीकडे खेळाडू मॅनाच्या प्रत्येक आकड्यासाठी धडपडत असतो आणि पलीकडे गेल्यावर त्याला मॅना आहे याचाही विसर पडतो. अनुभवी रचनाकार आपले बहुतेक लक्ष या उंबरठ्याभोवतीच्या आकड्यांवर खर्च करतात ते याचमुळे.

> वस्तू हाती आली की साठ्याला विचारायचे प्रश्न
> साठा आपोआप भरतो की मारा केल्यावरच भरतो? आपोआप भरत असेल तर वेग वाढवणारी वस्तू, माऱ्याने भरत असेल तर प्रहारांची गती वाढवणारी वस्तू अधिक कामाची असते.
> लढाई थांबल्यावर साठा टिकतो की ओसरतो? ओसरत असेल तर मोठी कमाल मर्यादा फारशी उपयोगी पडत नाही.
> खर्च आणि आवक यांची बरोबरी झाली आहे का? झाली असेल तर साठ्याचे गुण सोडून माऱ्याचे किंवा बचावाचे गुण पाहावेत.

एकच मॅना, सर्वांसाठी

‘डायब्लो २’मध्ये सर्व वर्गांची पात्रे एकच मॅना वापरतात, आणि त्या एका निर्णयातून वस्तूंचे एक समृद्ध जग उभे राहिले. ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ या प्रसिद्ध अंगठीकडे पाहिले तर हे ध्यानात येते. ती सर्व विद्या एका पातळीने वाढवते आणि त्यासोबत कमाल मॅना २०ने व वर आणखी २५ टक्क्यांनी वाढवते. विद्येची पातळी वाढली की बहुतेक मंत्रांचा खर्चही वाढतो, म्हणून हे दोन गुण एकाच अंगठीत शेजारी शेजारी बसवण्यात जाणतेपणा आहे. मॅना सर्वांचाच असल्यामुळे ही अंगठी कोणत्याही वर्गाला थोडीफार उपयोगी पडते, आणि खेळाडूंच्या आपसांतील देवघेवीत तिचा चक्क चलनासारखा वापर होऊ लागला त्यामागे हे एक मोठे कारण आहे. एकाच वर्गाच्या कामाची वस्तू चलन म्हणून कधी चालली नसती.

सॉर्सरेसला ‘एनर्जी शील्ड’ नावाची एक विद्या येते, जिच्यामुळे तिच्यावर होणाऱ्या आघाताचा मोठा भाग जीवनशक्तीऐवजी मॅनातून वजा होतो. ही विद्या घेतली की कमाल मॅना ४० टक्क्यांनी वाढवणारे ‘फ्रॉस्टबर्न’ हातमोजे अचानक चिलखताचे काम करू लागतात. हातमोज्यांत काहीच बदललेले नसते, फक्त साठ्याला दुसरे काम मिळालेले असते.

या खेळातला कमरपट्टाही बारकाईने पाहण्यासारखा आहे. पट्टा बांधला नसेल तर झटपट पिता येतील अशा कुप्या फक्त ४ ठेवता येतात, साध्या पट्ट्यात ८, त्याहून चांगल्यात १२ आणि भारी पट्ट्यात १६. म्हणजे कमरपट्टा ही दिसायला बचावाची वस्तू असली तरी तिचे खरे काम साठ्याला जोडसाठा पुरवण्याचे आहे, आणि त्यामुळेच उत्तम जादुई गुण असलेला पण दोनच ओळींचा पट्टा हाती आला की खेळाडू घोटाळ्यात पडतो. असा घोटाळा निर्माण करणे हेच चांगल्या वस्तुरचनेचे लक्षण मानायला हवे.

सर्वांत सुंदर उदाहरण मात्र ‘इनसाइट’चे आहे. राल, तिर, ताल आणि सोल असे चार अक्षरखडे चार खाचा असलेल्या साध्या लांब दांड्याच्या शस्त्रात याच क्रमाने बसवले की ते शस्त्र धारण करणाऱ्याभोवती ‘मेडिटेशन’ नावाचे वलय तयार होते आणि त्या वलयात असलेल्या सगळ्या साथीदारांचा मॅना वेगाने भरू लागतो. सॉर्सरेस असे शस्त्र स्वतः घेत नाही. ती ते दुसऱ्या अंकात भाड्याने मिळणाऱ्या भालेकरी शिपायाच्या हाती देते. हे खडे फारसे दुर्मीळ नसतात, आणि चार खाचांच्या ज्या साध्या लांब दांड्याच्या शस्त्राकडे पूर्वी कोणी ढुंकून पाहत नव्हते ते शोधत खेळाडू हिंडू लागले. मॅनाची चणचण नसती तर या शस्त्राला जन्मच मिळाला नसता.

प्रत्येकाचा वेगळा साठा

२०१२ साली आलेल्या ‘डायब्लो ३’ने उलट वाट धरली. त्यात बार्बेरियनला ‘फ्युरी’ म्हणजे क्रोध मिळाला, जो मारा करताना व मार खाताना चढतो आणि लढाई थांबली की ओसरतो. मंक या वर्गाचा ‘स्पिरिट’ माऱ्यानेच भरतो, पण ओसरत नाही. विझर्डची ‘आर्केन पॉवर’ अवघी १०० असते, मात्र भराभर परत येते. डीमन हंटरला तर दोन साठे दिले गेले: हल्ल्यासाठी १२५ ‘हेट्रेड’, जो लवकर भरतो, आणि निसटण्यासाठी व बचावासाठी ३० ‘डिसिप्लिन’, जी संथपणे भरते. पात्रांना वेगळा स्वभाव देण्याच्या दृष्टीने ही रचना फार यशस्वी झाली यात शंका नाही; बार्बेरियन खेळताना थांबावेसे वाटत नाही आणि डीमन हंटर खेळताना दर पावलाला हिशेब करावा लागतो, ही जाणीव थेट साठ्यातूनच येते.

याची किंमत वस्तूंनी मोजली. कमाल क्रोध वाढवणारा गुण विझर्डला काय कामाचा? म्हणून असे गुण फक्त त्या त्या वर्गाच्या खास वस्तूंवर ठेवावे लागले. डिसिप्लिन वाढवणारे गुण डीमन हंटरच्या भात्यांवर व झग्यांवर आले, क्रोधाचे बार्बेरियनच्या भारी शस्त्रांवर, आर्केन पॉवरचे विझर्डच्या टोप्यांवर व कांड्यांवर. वस्तूंचा जो एक मोठा ढीग सर्वांसाठी होता त्याचे वर्गागणिक छोटे ढीग झाले, आणि पडलेल्या वस्तूंपैकी बऱ्याचशा दुसऱ्याच कोणाच्या उपयोगाच्या निघू लागल्या. २०१४ च्या आरंभी लुटीची व्यवस्था बदलण्यात आली, जेणेकरून खेळणाऱ्याच्या वर्गाला साजेशाच वस्तू जास्त पडाव्यात, आणि त्याच वर्षी १८ मार्चला खेळातला लिलावबाजारही बंद झाला.

वेगळ्या साठ्यांतून काही अपूर्व जोड्याही जमल्या, हे नमूद करायलाच हवे. विझर्डच्या काही वस्तूंवर ‘निर्णायक घाव बसल्यास आर्केन पॉवर मिळेल’ असा गुण होता. तो एकदा अंगावर आला की निर्णायक घावाची शक्यता वाढवणारे हातमोजे आणि माऱ्याची गती वाढवणारी अंगठी या दोन्ही वस्तू, ज्या एरवी निव्वळ हल्ल्याच्या मानल्या जातात, साठा भरणाऱ्या वस्तू बनतात. एका गुणाने शेजारच्या दोन गुणांचा अर्थ बदलतो, आणि खेळाडूला आपला सगळा साज नव्याने मांडावा लागतो.

सर्वांना चालणारा गुण

वर्गागणिक विखुरलेल्या वस्तूंना पुन्हा एकत्र आणण्यासाठी ‘सर्व साठ्यांचा खर्च अमुक टक्क्यांनी कमी’ असा, साठ्याचे नावच न घेणारा गुण वापरात आला. क्रोध असो वा मॅना, खर्च सर्वांनाच असतो. पण या गुणात एक धोका आहे. दहा-दहा टक्क्यांच्या बचती सरळ बेरजेने साठत गेल्या तर ८० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेणारी शेवटची वस्तू उरलेला खर्च थेट निम्म्यावर आणते, आणि शंभरावर सगळेच फुकट होते. म्हणून ‘डायब्लो ३’मध्ये या बचती गुणाकाराने मोजल्या जातात: पहिल्या १० टक्क्यांनंतर उरलेल्या ९०चे १० टक्के जातात आणि एकूण बचत २० न होता १९ होते. खर्च घटत राहतो, शून्याला टेकत मात्र नाही.

२०२३ च्या ‘डायब्लो ४’ने हीच वाट पुढे नेली. त्यातील ‘टिबॉल्ट्स विल’ ही विजार, पात्राला कोणीही अडवू शकणार नाही अशी अवस्था प्राप्त होताच, त्याच्या ‘मुख्य साठ्या’ची ५० एकके परत देते, मग तो साठा कोणताही असो. एक विजार सर्व वर्गांना चालते ही सोय मोठी आहे. तरीही असे सर्वसमावेशक गुण जितके वाढतात तितके वेगवेगळ्या साठ्यांचे वेगळेपण वस्तूंतून पुसले जाते, आणि बार्बेरियनचा क्रोध व जादूगाराचा मॅना हे अखेर फक्त रंगापुरते निराळे उरतात. सोयीसाठी ही फार मोठी किंमत आहे.

साठा गहाण ठेवणे

न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३ साली आणलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ने एकच मॅना ठेवून त्याला दोन कामे दिली. मंत्रांवर तो खर्च होतोच, शिवाय कायम टिकणारी प्रभाववलये चालू ठेवायची असतील तर मॅनाचा ठरावीक हिस्सा कायमचा अडकवून ठेवावा लागतो. ज्याने बहुतेक मॅना वलयांत अडकवला त्याच्याकडे रोजच्या खर्चाला चिमूटभरच उरतो, आणि मग मंत्राचा खर्च दोन-चार आकड्यांनी घटवणारी सामान्य अंगठीही त्याला मोलाची वाटते. ‘ब्लड मॅजिक’ हा नियम निवडणाऱ्याचा तर मॅनाच नाहीसा होतो आणि सर्व खर्च जीवनशक्तीतून होतो. त्याच्या दृष्टीने मॅनाचा प्रत्येक गुण वाया जातो आणि जीवनशक्तीचा प्रत्येक गुण दुहेरी कामाचा होतो. साठा सर्वांना एकच, पण त्याचे नियम मोडण्याची मुभा प्रत्येकाला, ही रचना वस्तूंच्या दृष्टीने सर्वांत फलदायी वाटते, कारण तीत कोणतीही वस्तू कोणाच्या तरी हाती अनपेक्षित किमतीची ठरण्याची शक्यता शिल्लक राहते.

डिसेंबर २०२४ मध्ये प्राथमिक स्वरूपात खुल्या झालेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल २’मध्ये अडकवण्याचे काम मॅनाकडून काढून ‘स्पिरिट’ या स्वतंत्र साठ्याकडे दिले गेले आणि लगोलग एका शस्त्राचा कायापालट झाला. त्यातला राजदंड शत्रूवर मारायचा नसून तो हाती धरला की १०० स्पिरिट मिळतो, ज्यावर मृतांची फौज किंवा वलये सांभाळता येतात. एक हात स्पिरिटला दिला म्हणजे ढालीला किंवा दुसऱ्या शस्त्राला तो हात उरत नाही, आणि खेळाडूची खरी निवड तिथे होते.

दम, आणि साठाच नसेल तर

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) वार करणे, लोळण घेऊन वार चुकवणे आणि ढालीवर घाव झेलणे या तिन्हींसाठी एकच दम खर्च होतो. त्यामुळे तिथली ढाल किती आघात अडवते एवढे पाहून भागत नाही. घाव झेलताना दम किती कमी जाईल हे सांगणारा स्थिरतेचा आकडा तितकाच महत्त्वाचा असतो, कारण सगळे आघात अडवणारी पण अस्थिर ढाल दोन-तीन घावांत दम संपवून पात्राला उघडे पाडते.

‘डायब्लो इमॉर्टल’ (२०२२) हा मोबाइलवरचा खेळ मात्र मॅना आणि क्रोध दोन्ही गाळून टाकतो आणि प्रत्येक डाव एकदा वापरल्यावर काही सेकंद थांबायला लावतो. साठा गेल्याबरोबर साठ्याचे सगळे गुण वस्तूंवरून गेले, आणि त्यांची रिकामी जागा डावाचे रूपच बदलणाऱ्या पौराणिक वस्तूंनी भरून काढली. छोट्या पडद्यावर अंगठ्याने खेळणाऱ्याला हे सोयीचे आहे, पण दोन अंगठ्यांतली कोणती घ्यावी हा हिशेब त्यात बराच सोपा झाला.

महाराष्ट्रातले याच्या जवळचे उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे आहे. त्यांचा २०२० साली प्रकाशित झालेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ भावाच्या शोधात निघालेल्या राजी नावाच्या मुलीची कथा सांगतो आणि तो रूढ अर्थाने रोल-प्लेइंग खेळ नसून ॲक्शन-ॲडव्हेंचर प्रकारचा आहे. त्यात राक्षसांकडून वस्तूंचा पाऊस पडत नाही. दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचे धनुष्य यांसारखी शस्त्रे कथेच्या ओघात देवतांकडून मिळतात, आणि त्रिशुळाच्या जागी त्याहून दोन टक्के बरा त्रिशूळ शोधत बसण्याचा प्रश्न उद्भवत नाही. छोट्या चमूसाठी ही निवड शहाणपणाची होती, कारण यदृच्छेने पडणाऱ्या शेकडो वस्तू मांडायच्या तर त्यांना अर्थ देणारा साठा आधी उभारावा लागतो, त्याचे उंबरठे तपासावे लागतात आणि प्रत्येक नव्या गुणामागे जुन्या सगळ्या गुणांचा हिशेब पुन्हा घालावा लागतो. मराठी मुलखातून उद्या असा लुटीचा खेळ निघायचा असेल, तर त्याच्या रचनाकाराला तलवारीचे पहिले चित्र काढण्याआधी साठ्याबद्दल सुरुवातीला मांडलेल्या त्या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावी लागतील.